मिशीवाल्या राजाला घेऊन मंचेरियलला

फसली सन तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस-अडतीस. मला तेव्हा बासष्टावं चालू होतं आणि हात अजून कापत नव्हता. हात कापत असता तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून तेही लिहून ठेवतो.

मी निजामाच्या मुलखातल्या मुधोळपासून दीड कोसावरच्या खेड्यातला सोनार. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण देवाचे टाक घडवावेत तर आमच्याच घरानं, असं पार भैंशापर्यंत लोक म्हणत. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव्हाऱ्यातले देव, ते टाक. रोज चिंचेनं नि राखेनं घासून वीस-पंचवीस वर्षांत देवाचे नाक-डोळे पुसट होतात. मग घरधनी ते आमच्याकडे आणतो. आम्ही टाक लाखेवर बसवतो आणि बारीक छिन्नीनं डोळे पुन्हा कोरतो. याला टाक उजळणं म्हणतात. देवाला दिसत नसेल तर नैवेद्य दाखवायचा कोणाला, असं बायका विचारतात आणि ते खरंच आहे. असे किती देव मी डोळस केले त्याची गणती नाही.

मी आणि गंगाराम माळी सोडून आमच्या गावचं दुसरं कोणी मंचेरियलला गेलेलं नाही. लोक विचारतात, मंचेरियल कसं आहे. मी मोटारीचं सांगतो, भाताचं सांगतो, कोळशाच्या गाड्यांचं सांगतो आणि उठतो. सात वर्षं असाच उठत आलो. आता सगळंच लिहितो.

घरून निघण्याआधी

गंगाराम माळी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आमच्या गावच्या पांढरीच्या टेकाडाशी, जिथं जुन्या काळी वस्ती होती म्हणतात, तिथं तो वांगी, मिरच्या, कांदे पिकवायचा. मळा त्याचा नव्हता, बटाईनं केलेला. वीस वर्षं त्यानं तिथं खत घातलं, विहिरीचा गाळ काढला. मालक नांदेडला राहायला गेला आणि त्यानं मळा विकायला काढला. म्हणाला, "गंगाराम, दसऱ्यापर्यंत तुझ्यासाठी थांबतो. नंतर ज्याला पाहिजे त्याला देईन."

त्याच उन्हाळ्यात मिरचीचे वाफे ओढताना गंगारामला एक चांदीचं नाणं सापडलं. त्यानं ते आधी पटवाऱ्याला दाखवलं. पटवारी म्हणाला, "हा निजामाचा हाली शिक्का नाही, बाजारात चालत नाही. देवात ठेव." मग तो माझ्याकडे आला. एका बाजूला राजाचं तोंड, भोवती मला न वाचता येणारी अक्षरं. दुसऱ्या बाजूला कमानी-कमानींचा डोंगर आणि खाली नदीसारखी नागमोडी रेघ, भोवती तशीच अक्षरं. चांदी जुनी, हे मी बोटानंच ओळखलं.

भैंशाच्या बाजारात येणाऱ्या एका बांगडीवाल्यानं सांगितलं, मंचेरियलला खाणीच्या दवाखान्यात हैदराबादचे एक डॉक्टरसाहेब आहेत, जुन्या नाण्यांचे फार शौकीन. मनासारखं नाणं मिळालं तर शेताची किंमतही देतात. गंगारामच्या डोळ्यांत तेव्हाच मळा उभा राहिला. मोटारीचं भाडं जमेपर्यंत त्यानं नाणं माझ्याकडे ठेवायला दिलं.

आठ दिवस ते माझ्या पेटीत होतं. रोज काढून बघायचो. राजाचं तोंड धुऊन गेल्यासारखं. डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. मला वाटलं, असा आंधळा राजा साहेबापुढे न्यायचा? माझ्या हातात विद्या असताना? मी लाख तापवली.

नवव्या दिवशी गंगारामला दाखवलं. तो उजेडात धरून बघत राहिला.

"अगा बाबा! हा तं जागा झाला, दादा!"

"नाक पाह्यलं का?"

"नाक बी पाह्यलं. पन मिशी काऊन देल्ली?"

"राजा हाय. बिनमिशीचा राजा कोठं पाह्यला तू?"

"आपल्या पटलावानी दिसून राह्यला," तो म्हणाला आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

ते हसणं मला अजून ऐकू येतं.

निर्मळ

बैलगाडीनं भैंशावरून निर्मळला पोचायला दीड दिवस लागला. वाटेत गाडीचं चाक नाल्याच्या वाळूत रुतलं. गाडीवान खाली उतरा म्हणाला तर मी उतरलो नाही. भाडं बसायचं दिलं आहे, ढकलायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. गंगारामनं एकट्यानं खांदा लावला. चिखल त्याच्या धोतराला लागला, मी कोरडा राहिलो. तेव्हा यात काही वाटलं नव्हतं.

निर्मळला लाकडाची खेळणी करणारे नकाश आहेत. हलकं पांढरं लाकूड, त्यावर असा रंग की पेरू झाडावरून तोडावासा वाटतो. मी एका म्हाताऱ्या नकाशापाशी तासभर बसलो. कारागीर कारागिराजवळ बसतोच. त्याच्याकडे एक जण आजोबांच्या वेळचं हरण घेऊन आला, रंग उडालेलं. पुन्हा रंगवून द्या म्हणाला. म्हाताऱ्यानं हात जोडले. "दुसरं नवं करून देतो, बाबा. त्याले हात नाही लावत."

बाहेर आल्यावर मी गंगारामला म्हटलं, "म्हाताऱ्याचा हात गेलेला दिसतो. नाहीतर नाही कशाला म्हणाला असता?"

गंगाराम म्हणाला, "असन."

लक्सेटीपेटवरून पुढे

निर्मळहून मोटार. मी पहिल्यांदाच मोटारीत बसलो. त्याबद्दल इतकंच सांगतो, की गंगारामला उलटी झाली आणि मला होत होती, पण मी होऊ दिली नाही.

दुपारी लक्सेटीपेटला एका बाईच्या खानावळीत जेवलो. आपल्याकडे भात म्हणजे सणाला मूठभर. तिथं पत्रावळीवर भाताचा डोंगर, त्यावर अंबाडीची आंबट डाळ आणि तिखट इतकं की कानातून वाफ निघावी. मी ज्वारीची भाकरी मागितली. बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळी खानावळ हसली. कोपऱ्यातल्या एकानं उलगडून सांगितलं, "बोलती, तुम बीमार है क्या? बीमारांकू जवारी देते हम."

मी जेवण सोडून उठणार होतो. गंगारामनं हात धरून बसवलं. त्यानं फडक्यातली घरची भाकरी आणि वांग्याचं भरीत बाहेर काढलं, अर्धं बाईलाच दिलं. तिनं चाखलं, डोळे मोठे केले आणि आमच्या पत्रावळीवर न मागता तूप वाढलं. "मह्या मळ्यातलं वांगं हाय," गंगाराम तिला मराठीतच सांगत होता. तिला ते कळलंही असावं. 'मह्या' म्हणताना त्यानं छातीवर हात ठेवला होता.

मंचेरियल

मंचेरियलला रुळाच्या कडेची मातीसुद्धा काळी. धुतलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत पांढरं राहत नाही. स्टेशनाबाहेर बाजार भरतो. तिथं गोणपाटावर एक जण जुने सिक्के मांडून बसला होता. तांब्याचे, चांदीचे, हिरवट, काळपट. उतारू येताजाता उकिडवे बसून बघत होते.

मीही बसलो. राजाचं तोंड असलेली तीन नाणी उचलली. तिन्हीच्या काठाला एकाच जागी एकच चीर. तीन वेगळ्या नाण्यांना एकच जखम कशी होईल? साचा एक, त्यात ओतलेली ही तिन्ही. अंगावर सुईच्या टोकाएवढे फुगे. जिभेच्या शेंड्याला लावलं तर खारट. म्हणजे मीठ आणि शेणाच्या खड्ड्यात महिनाभर पुरून त्यांचं म्हातारपण आणलेलं.

"ये तुम्हारे बाप के जमाने का भी नहीं," मी म्हटलं.

त्याला राग आला नाही. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात. "ताता, लोगां पुराना मांगते, मैं पुराना देतूं. दिवाली में पूजते, खुश रहते. तुमकू क्या तकलीफ?"

"तकलीफ ही, की तू खोट्याला खरं म्हणून विकतो."

"मैं कब बोला खरा है? तुम पूछे क्या?"

मी थुंकलो आणि उठलो. रस्ताभर गंगारामला ऐकवत राहिलो, की हे लोक कारागिरीला कसे बट्टा लावतात. तो कमरेच्या कशातलं, कापडी पिशवीतलं, नाणं चाचपत चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब उंच, बारीक, पांढरी शेरवानी, बोलणं लोण्यासारखं. नाण्याचं काम आहे म्हटल्यावर लगेच आत घेतलं. मी सोनार आहे हे कळताच ते म्हणाले, "फिर तो आप इधर बैठिये, सोनारजी," आणि खुर्ची पुढे केली.

मी जन्मात खुर्चीवर बसलो नव्हतो. तहसीलमध्ये उभा, पटलाकडे ओट्याखाली. गंगाराम दारापाशी सतरंजीच्या काठावर बसला.

साहेबांनी एक कपाट उघडलं. चपटे खण, खणात खाचा, खाचेत एक-एक नाणं आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी. एखादी बाई मुलांची नावं सांगते तसे ते नाण्यांबद्दल सांगत होते. मी बघत होतो. बघता बघता दोन नाण्यांवर माझं बोट थांबलं. "साहब, ये दोनों ओते हुए हैं. स्टेशन के बाहर के भाई-बंद."

साहेबांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून धरलं. मग ती दोन्ही नाणी खणातून काढून मेजावर उलटी ठेवली आणि हसून म्हणाले, "सोनारजी, चार साल से मैं धोका खा रहा था. आप जैसी आंख मैंने नहीं देखी."

हे शब्द अंगात कसे भिनतात ते ज्यांना कोणी असं कधी म्हटलं नाही त्यांनाच कळेल. मी खुर्चीत मागे टेकलो.

मग गंगारामनं कमरेचा कसा सोडला आणि नाणं साहेबांच्या हातावर ठेवलं.

साहेबांचा चेहरा आधी उजळला. डोंगराची बाजू बघून ते "वाह, वाह" म्हणाले. अक्षरांवरून नखानं हळूच गेले. मग नाणं फिरवून राजाचं तोंड भिंगाखाली धरलं. उठून कपाटातून दुसरं नाणं आणलं. तोच राजा. तोच डोंगर, तीच अक्षरं. दोन्ही शेजारी ठेवली.

कपाटातल्या राजाला मिशी नव्हती.

"सोनारजी," साहेब म्हणाले, "आप धातु के आदमी हैं. आप ही बताइये. ये आंखां, ये नाक, ये मूंछां... ये लकीरां पुराने हैं या नये?" आणि थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "घिसा हुआ भी होता तो मैं सर आंखों पर रखता. मुंह मांगी कीमत देता. घिसने से क्या होता है? वो तो उसकी उमर है."

त्या क्षणी खरं सांगायला चार शब्द पुरले असते. चांदी खरी, अक्षरं खरी, तोंडावर हात मी फिरवला. निदान काहीतरी वाचलं असतं. पण मी खुर्चीवर बसलो होतो. ज्या डोळ्यांनी आत्ताच दोन खोटी नाणी पकडली ते डोळे, आणि त्याच माणसानं खऱ्याचं खोटं केलं? हे मी माझ्या तोंडानं सांगू?

"सब पुराना है, साहब," मी म्हटलं. "जमीन से निकला वैसा ही है."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे, गंगारामकडे. "क्यों मियां? ऐसा ही निकला?"

गंगारामला हिंदी समजत होती. तो माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

"जी, साहब," गंगाराम म्हणाला.

साहेबांनी नाणं दोन्ही हातांनी परत दिलं. ओरडले नाहीत, पोलीस म्हणाले नाहीत. नोकराला सांगून आम्हांला चहा दिला. तो चहा मी प्यालो, हेही लिहितो.

दिवस मावळायच्या आत आम्ही गोदावरीच्या काठी आलो. आपल्याकडे बासरला दिसते तीच नदी, पण इथं पसरलेली, खडकाळ. गंगारामनं तीन दगड मांडले आणि शिल्लक राहिलेली दोन वांगी निखाऱ्यावर टाकली. मला वाटत होतं, त्यानं शिव्या द्याव्यात. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो आणि भांडणात मला बरं वाटलं असतं.

शेवटी मीच म्हटलं, "तू काऊन बोलला नाही? तुले तं ठाऊक होतं."

तो वांगं उलटत होता. "तुमी खुर्चीवर बसले होते, दादा. खुर्चीवर बसल्या मानसाले म्या खाली कसा पाडू?"

"मळा जाईन ना रे तुहा."

"मळा तं त्याचाच होता," तो म्हणाला. "म्या नुसता कसला." मग बोटं भाजत वांग्याची साल काढली आणि मोठं वांगं माझ्या पुढ्यात ठेवलं. "तुमी काही लबाडी केली नाही. देवाचं करता तसं केलं तुमी. मले बी गोड लागलं होतं ना तवा. खा आता."



दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाराम नदीवर अंघोळीला गेलेला बघून मी एकटा बंगल्यावर गेलो. जाताना त्यानं सोडून ठेवलेल्या पिशवीतलं नाणं घेतलं. माझी छिन्नी-हातोडीची थैली कमरेला होतीच, सोनार ती कुठं ठेवून जात नाही. साहेब दवाखान्यात जायला निघाले होते. त्यांनी पुन्हा खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

"साहब, कल मैं झूट बोला," मी म्हटलं. "माळी का कुछ कसूर नहीं. मुंह मैंने बनाया. बाकी सब जमीन का है."

साहेब म्हणाले, "कल आप कसम से बोल रहे थे, आज भी. मैं कौनसे सोनारजी को मानूं?"

माझ्याजवळ उत्तर एकच होतं, हाताचं. थैलीत टाकासाठी कापलेला चांदीचा एक तुकडा होता. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो, तुकडा लाखेच्या गोळ्यावर चिकटवला आणि छिन्नी घेतली. तोच डोळा, तेच नाक, तीच मिशी. हात जरासुद्धा कापला नाही. खरं सांगतो, कोरता कोरता मी विसरूनही गेलो की कशासाठी कोरतोय. मिशीचं टोक तर नाण्यावरच्यापेक्षा सुबक उतरलं.

साहेबांनी भिंगाखाली दोन्ही धरली.

"बिलकुल वही हाथ है," ते म्हणाले.

मला वाटलं, जिंकलं. मळा वाचला.

पण साहेबांनी भिंग खाली ठेवलं. आवाज कालच्यासारखाच मऊ होता, त्यात राग नव्हता, थकवा होता. "सोनारजी, जो हाथ ये बना सकता है, वो पूरा सिक्का बना सकता है. अब मैं इन अक्षरां पे कैसे भरोसा करूं? इस पहाड़ पे? कल आप सच बोल देते तो मैं मान लेता. कल मुझे मालूम नहीं था कि आप इतने बड़े कारीगर हैं."

त्यांनी नाणं आणि तुकडा दोन्ही माझ्या हातात ठेवले. ते टांग्यात बसून गेले.

फाटकाबाहेर गंगाराम उभा होता. ओल्या धोतरानं शोधत आला होता. पिशवीत नाणं दिसलं नसणार. त्यानं माझ्या मुठीकडे बघितलं. त्याच्या तोंडावर आशा आली, आणि ती मला बघवली नाही.

"घेतलं का साहेबानं?"

खाणीवर निघालेली माणसं रस्त्यानं जात होती. दोघं-तिघं थांबून बघायला लागले. एरवी परक्या लोकांपुढे मी कुणाशी हळू आवाजातसुद्धा हार मान्य केली नसती.

"नाही घेतलं," मी मोठ्यानं म्हटलं. "नाणं खरं होतं गंगाराम, म्या खोटं केलं. तुहा मळा माह्यानं गेला."

आणि त्या काळ्या रस्त्यावर, लोकांसमोर, मी माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या माणसाच्या पायांना हात लावला.